दोन खाचांचा कागद

राजाबाईची सुपारी फुटली ते साल एकोणीसशे सत्त्याऐंशी. करमाडचं स्थळ, पोरगा कंपनीत कायम, घरची सहा एकर जमीन. मेंढरामागं हिंडणाऱ्याच्या पोरीला असं घर मिळालं म्हणून चिकलठाण्याच्या आळीत चार दिवस दुसरी बोली नव्हती. आणि पाचव्या दिवशी सकाळी, कोवळ्या उन्हात, सखूबाईनं आपल्या थोरल्या पोराची, बिरूची, उशी झटकायला उचलली आणि ती तिच्या हातातून गळून पडली. पांढऱ्या खोळीवर, जिथं डोळा टेकतो तिथं, तांबडे डाग होते. रक्ताचे म्हणावेत तर रक्त वाळून काळं पडतं. हे तसे नव्हते. शेंदूर पाण्यात कालवून कुणी दोन बोटं ओढावीत, तसे होते...

"जाऊबाई, जरा हिकडं या," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा वाटत नव्हता. "पोरगं झोपेत रडलं वाटतं. पन असं कुनी रडतं का?"

बानाबाई भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती बाहेर आली, आणि तिनं उशीकडं पाहिलं. चेहरा हलला नाही.

"धुऊन टाक," ती म्हणाली. "जातील डाग."

सखूबाईनं तिच्याकडं वळून बघितलं. "तुमी दचकला बी नाय."

त्या दिवशी ती एवढंच बोलली. पण ती नजर बानाबाईच्या पाठीला चिकटली ती पुढं सुटली नाही.

बानाबाई का दचकली नाही, ते तिला ठाऊक होतं आणि बिरूला ठाऊक होतं. आदल्याच दिवशी तिच्या डोळ्यांदेखत बिरूनं दोन लाल गोळ्या गिळल्या होत्या. त्या गोळ्यांनी दोन दिवस लघवी, घाम, आसू सगळं तांबडं येतं, हे डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं होतं, तेव्हा पाण्याचा तांब्या धरून बानाबाईच शेजारी उभी होती. पण जे दवाखान्यात ऐकलं ते घरी आणायचं नव्हतं. घरी ती बिरूची मोठीमाय होती. दवाखान्यात ती त्याची कुणी नव्हती.

बानाबाईचा नवरा त्रिंबक, कारभारीचा थोरला भाऊ, जालना रोडवर मेंढरं पलीकडं नेताना ट्रकखाली गेला त्याला नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. दीर कारभारी आणि जाऊ सखूबाई यांच्या घरात ती राहिली आणि त्यांची दोन्ही पोरं, बिरू आणि राजाबाई, तिनंच अंगाखांद्यावर वाढवली. एके काळी या घराची दीडशे मेंढरं विमानतळापासून पार करमाडपर्यंत चरत जायची. मग गायरानावर कंपन्या आल्या, तारा ठोकल्या, चिमण्या उभ्या राहिल्या. दीडशेची चाळीस झाली. बिरू एका कारखान्यात भट्टीवर लागला आणि बानाबाई कारखान्यांच्या मागच्या दवाखान्यात.

दवाखाना एका संस्थेचा होता, दोन खोल्यांचा, खास तरण्या पोरापोरींसाठी. शहरातून भानुमती नावाच्या डॉक्टरीणबाई यायच्या. चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या, कुलकर्ण्यांच्या घरातल्या. बानाबाई कामाला आली तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं.

"वाचता येतं का तुम्हाला?"

"नाय बाई."

"मग उद्यापासून या."

बानाबाईला ती थट्टा वाटली. पण बाईंनी तिला कागदांच्या कपाटापुढं उभं केलं आणि सांगितलं, "इथं येणारी मुलं आईबापांना जे सांगत नाहीत ते मला सांगतात. एकाचं नाव जरी या खोलीतून बाहेर गेलं, तर उद्यापासून कुणी येणार नाही. न येणारं पोरगं मग घरी सडतं, बानाबाई. म्हणून कपाट सांभाळायला मला वाचता न येणारं माणूस हवं होतं. आणखी एक. इथं आलेल्याला आपण ओळखायचं नाही. तो बाहेर भेटला तरी नाही. तुमच्या सख्ख्यातला असला तरी नाही."

"मंग हाक कशी मारायची?"

"नंबरानं."

बानाबाईला आकडेही येत नव्हते. पण तिला दुसरं येत होतं. मेंढराच्या कानाला खाच घालून ते कुणाच्या कळपातलं हे ओळखायची तिच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. खाच वर की खाली, सरळ की तिरपी, एक की दोन, बघितली की मेंढरू ओळखलं. तिनं घरची लोकर कातरायची कात्री आणली. प्रत्येक आजाऱ्याचा पिवळा जाड कागद दुहेरी घडी करून ती त्याच्या कडेला खाच घाली आणि मग घडीवर फाडून अर्धा त्याच्या हाती देई, अर्धा कपाटात ठेवी. पोरगं आलं की अर्धा कागद पुढं करायचं, बानाबाई कपाटातला त्याचा जोडीदार काढायची, खाचेला खाच जुळवायची. नाव नाही, गाव नाही. बाहेर सारं शहर एका नावासाठी मोर्चे काढत होतं, भिंतीभिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराचं लिहिलेलं होतं, महिन्यातून एखादा दिवस एसट्या बंद असायच्या... आणि या दोन खोल्यांत नाव म्हणून घ्यायचं नव्हतं. दोन वर्षांत तिच्याकडं तीनशे खाचा झाल्या आणि एकही चुकली नाही.

चूक झाली ती त्या जेठ महिन्यात, उशीवर डाग दिसले त्याच्या आदल्या दिवशी.

बिरू दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला फडकं होतं. भट्टीच्या दारावर हात टेकला होता. जळल्याचा वास आला म्हणून त्यानं इकडं तिकडं बघितलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की तो वास त्याच्याच करंगळीचा आहे. दुखत नव्हतं. दारात मोठीमाय बसलेली बघून तो माघारी वळला. पण बानाबाई उठली आणि जे सगळ्यांना म्हणायची तेच म्हणाली.

"या. बाकावर बसा. पानी पाहिजे का?"

एकोणीस वर्षांच्या पोराला त्याच्या मोठीमायनं पहिल्यांदा अहो-जाहो केलं. तो बसला.

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता. महारोग... वेळेवर आलास... चोवीस महिने, एक महिना चुकवायचा नाही... चार दिवस गोळ्या गेल्या की तुझ्यापासून कुणाला धोका नाही... बरा होशील, पूर्ण बरा. बानाबाईचे हात चालूच होते. कागदाची घडी घातली, कात्री घेतली. डोळ्यांपुढं अंधारी होती आणि हाताला कुणी सांगायला नव्हतं. जन्मभराची सवय हातात होती. घरच्या पोराला हातानं घरचीच खाच घातली, खालच्या कडेला तिरपी. लांबल्या औषधाची एक खाच वरच्या कडेला घालायची असा दवाखान्याचा नेम होता, ती वर घातली. कागद बिरूच्या खिशात गेला आणि मग तिनं कपाटातल्या अर्ध्याकडं नीट पाहिलं. खाली घरची तिरपी खाच, वर सरळ खाच. त्यांच्या कळपात अशा दोन खाचा एकाच मेंढराला घालत. जे देवाला सोडलं, ज्याचं मुंडकं पुढच्या जत्रेला पडणार, त्याला.

कागद बदलून द्यावा असं तिच्या मनात आलं. पण घरी त्याला तसं सांगायचं म्हणजे दवाखाना घरी आणायचा. पुढच्या महिन्यात बदलू, असं म्हणून ती बसली. पुढच्या महिन्यात बिरूनं कागद दाखवून लगेच खिशात घातला, आणि ती गप्प राहिली.

उशीच्या डागांपासून घराला जे लागलं ते लागलंच. महिन्यातून एकदा पोराचा घाम तांबडा यायचा, सदऱ्याची बगल तांबडी व्हायची. पहिल्या दोन खेपांना ते अमावास्येच्या अलीकडं पलीकडं आलं. मग मागंपुढं झालं, पण ज्याला अमावास्याच बघायची असते त्याला ती दिसते. दिवाळीपर्यंत बिरूचा रंग बदलला. गव्हाळ पोरगं काळंनिळं पडत चाललं. पाठीवर, जिथं कुणी बघत नव्हतं तिथं, आणखी काळं. तोही त्या गोळ्यांचाच गुण होता, औषध थांबलं की वर्षा-दीड वर्षात उतरणारा. पण ते सांगणार कोण? भर दुपारी मेंढरं सावलीला बसलेली असायची, आणि बिरू त्यांच्यातून चालला की ती अंग चोरून दोन्ही बाजूंना सरायची. मधे वाट पडायची. औषधाचा वास त्यांना येत असेल. कारभारीनं एकदा ती वाट बघितली आणि हातातली चिलीम तशीच विझू दिली.

पडेगावकडच्या सांडू देवऋषीला आणलं. म्हाताऱ्यानं बिरूचं मनगट हुंगलं, ज्वारीचे दाणे टाकले, ते गोळा करून पुन्हा टाकले.

"भाईरचं नाय," तो शेवटी म्हणाला. "भाईरचं असतं तर मी काढलं असतं. ह्ये घरातलं हाय. जिची ओटी रिकामी, तिचं."

बानाबाई त्याच्यासाठी चहा घेऊन उंबऱ्यात आली होती. त्यानं कप घेतला नाही.

त्या दिवसापासून सखूबाईनं बिरूचं ताट वेगळं वाढायला घेतलं, बानाबाईचा हात लागू नये म्हणून. राजाबाई मात्र यायची, बानाबाईच्या मांडीवर डोकं ठेवायची. "मोठीमाय, काय बी म्हनतेत गं ही." बानाबाई तिच्या केसांतून बोटं फिरवायची आणि मनात दिवस मोजायची. लग्न मार्गशीर्षात होतं. करमाडच्या माणसांच्या कानावर महारोग हा शब्द गेला तर मांडव पडायच्या आधीच उतरेल. कंपनी पोराला गेटातून आत घेणार नाही. या घरच्या माठातलं पाणी कुणी पिणार नाही... म्हणून ती रोज सकाळी उठून कामाला जायची आणि रोज संध्याकाळी सखूबाईची नजर पाठीवर घ्यायची.

लग्नाला आठ दिवस होते. दुपारची वेळ होती, ऊन असूनही अंगणात एक गार शांतता होती. कारभारी नवं धोतर काढायला ट्रंकेत हात घालून बसला होता. तळाच्या वर्तमानपत्राखाली त्याच्या हाताला जाड पिवळा कागद लागला. त्यानं तो उजेडात धरला. त्यावर काय लिहिलंय हे त्याला कळायचं कारण नव्हतं. त्यानं लिहिलेलं बघितलंही नाही. त्यानं कड बघितली.

तो अंगणात येऊन बसला आणि त्यानं सगळ्यांना हाक मारली. आवाज चढवला नाही.

"वैनी, ही खाच कुनाच्या हातची?"

बानाबाईनं कागद ओळखला. "माझ्या."

"खालची आपल्या घरची. ती मला दाखवायला नको. वरची कशाची?"

बानाबाईनं मान खाली घातली.

"मी इचारतो ते सांगा. खाली ही आन वर ही, अशा दोन खाचा आपन कोनत्या मेंढराला घालतो?"

"देवाला सोडलेल्या," बानाबाई म्हणाली.

सखूबाई पुढं आली. "माझं पोरगं सोडलं..." ती कुजबुजल्यासारखं म्हणाली. "जाऊबाई, माझं पोरगं देवाला सोडलं तुमी... कशासाठी? तुमाला नाय झालं म्हनून?"

बिरू खांबाला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गोळीला वीस दिवस झाले होते, म्हणून ते पाणी पाण्याच्याच रंगाचं होतं, आणि ते बघून बानाबाईला उगीच बरं वाटलं. एक वाक्य. फक्त एक वाक्य बोललं की तिच्यावरचं सगळं उतरत होतं, आणि ते उतरून त्या पोराच्या डोक्यावर पडणार होतं. त्याचं तोंड उघडलं.

"बापू, मोठीमायनं मला..."

"तू गप, बिरू," ती म्हणाली. "तुला ह्यातलं काय ठावं हाय?"

तो गप्प झाला. इतक्या चटकन गप्प झाला की पुढं कैक वर्षं तेच त्याला खात राहिलं.

"काढून घ्या," कारभारी म्हणाला. त्यानं हात जोडले होते. ज्या वहिनीपुढं त्यानं कधी मान वर केली नव्हती तिच्यापुढं तो हात जोडून, डोळे तांबारून बसला होता. "त्रिंबकदादाची आन हाय तुमाला. जे केलं ते काढून घ्या. मी कुनाला सांगनार नाय."

"कापलेली खाच भरत नाय, भावजी."

"मंग ह्या घरात तुमाला जागा नाय."

तिनं दोन लुगडी घेतली, कात्री घेतली. राजाबाई आतल्या दाराला धरून उभी होती. तिला बाहेर येऊ दिलं नव्हतं. बानाबाई अंगणातून निघाली तेव्हा सावलीत बसलेली चाळीसच्या चाळीस मेंढरं एकदम उठून उभी राहिली. एकही ओरडलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या आणि ती रस्त्याला लागेपर्यंत तिच्याकडं बघत राहिली.

"बघा," सखूबाई म्हणाली. "जनावराला सुदिक कळतं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी येते तुमच्या घरी. आत्ता येते. मी सांगते त्यांना."

"काय सांगनार?"

"खरं."

"खरं तुमचं नाय, बाई. माझं बी नाय. ज्याचं हाय त्यो सांगल तवा सांगल. नेम तुमीच घातला. आता मला दुखतंय म्हनून मोडनार व्हय?"

भानुमतीबाईंनी तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये एक खाट टाकली गेली. राजाबाईचं लग्न झालं त्या दिवशी वाजंत्र्याचा आवाज तिथवर येत होता. बानाबाई दार लावून बसली नाही. ओट्यावर बसून अक्षता हातात घेतल्या आणि आवाजाच्या दिशेनं टाकल्या.

बिरूची अजून अठरा पाकिटं बाकी होती. महिन्यातून एकदा तो यायचा, बाकावर बसायचा, पाळी आली की अर्धा कागद पुढं करायचा. कारभारीनं जाळायला दिलेला तो कागद त्यानं चुलीतून ओढून काढला होता. एक कोपरा जळलेला होता, खाचा शाबूत होत्या. त्या महिन्याच्या गोळ्या समोर गिळायच्या असा नेम होता, आणि त्या गिळल्या की नाही हे बघायचं काम बानाबाईचं. ज्या पोरापायी तिचं घर गेलं होतं तो तिच्यासमोर तोंड उघडून उभा राहायचा, ती जिभेखाली बघायची, आणि म्हणायची, "ठीक. पानी प्या आनखी." अशी अठरा वेळा. एकदाच, सातव्या-आठव्या खेपेला, तो हलक्या आवाजात म्हणाला, "मोठीमाय..."

"इथं कुनी मोठीमाय नाय," ती म्हणाली. "कागद दाखवा."

बाहेर तिची ख्याती पसरली होती. दिवस गेलेल्या बायका ती दिसली की पदर पोटावर ओढून रस्ता बदलायच्या. दुकानदार सुटे पैसे तिच्या हातावर न ठेवता फळीवर ठेवायचा. पण एक गोष्ट झाली जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. पूर्वी दवाखान्यासमोर चहाच्या टपरीवर चार टवाळ बसायचे, कुणाची पोरगी आत गेली, कुणाचं पोरगं किती वेळ बसलं ते बघायचे. आता कुणी बसेना. करणीवालीच्या दाराकडं टक लावून बघायची कुणाची हिंमत होईना. आणि ज्या पोरापोरींना लाज आजारापेक्षा मोठी वाटायची ती त्या ओस पडलेल्या वाटेनं येऊ लागली, दुपारी, एकेकटी. कपाटात सहाशे खाचा झाल्या.

"तुमच्या भीतीनं माझा दवाखाना राखला," डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या.

"मंग भ्येऊ द्या," बानाबाई म्हणाली, आणि त्या दोघी बायका कितीतरी दिवसांनी हसल्या.

साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा एक मास्तरीण पाटी घेऊन तिच्याकडंही आली. बानाबाईनं पाटी हातात घेतली, पेन्सिलीनं एक रेघ ओढली, पुन्हा एक ओढली. तिला ते आवडलं, हे मास्तरणीला दिसत होतं. मग तिनं कपाटाकडं बघितलं आणि पाटी परत दिली. "मला नको, पोरी. मला वाचाया आलं तर ह्ये कपाट उघडाया दुसरी बघावी लागंल."

बिरूचं औषध एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात संपलं. रंग उतरला, करंगळी जराशी वाकडी राहिली, बाकी पोरगं लख्ख झालं. घरानं म्हटलं, करणीवाली गेली म्हणून पीडा गेली. सखूबाईनं सांडू देवऋषीला धोतरजोडी दिली. बिरूनं ते सगळं बघितलं आणि जेवणावरून उठून गेला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं नवरीला, कडूबाईला, आधी भेटून सगळं सांगितलं. ती पोरगी जमिनीकडं बघत ऐकत राहिली आणि म्हणाली, "मला सांगितलं, बरं केलं. आता घरी कवा सांगनार?" हा प्रश्न ती दर वर्षी विचारायची. दर वर्षी तो म्हणायचा, राजीचं बाळंतपण होऊ दे. राजीचं दुसरं होऊ दे. माझी नोकरी कायम होऊ दे...

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं. शहरात एकीकडं गुलाल उधळत होता, एकीकडं पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. चार दिवसांनी वाहतूक सुरळीत झाल्यावर बिरू वर्षाच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेला. दारात दुसरीच बाई होती.

"इथं... कागद बघनाऱ्या असतात त्या?"

"मागं हायत. खाटेवर. दम लागतोय त्यास्नी, मूत्रपिंडं गेली म्हनत्यात."

तो मागं गेला. खाटेवर एक मूठभर म्हातारी पडली होती. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडं पाहिलं, आणि डोळ्यांत ओळख येऊ दिली नाही. "कुनाला भेटायचं हाय?" तिनं विचारलं. "डाक्टरीणबाई पुढं बसत्यात."

बिरू पुढं गेला आणि भानुमतीबाईंसमोर उभा राहून म्हणाला, "माझा अर्धा कागद मला द्या."

बाईंनी तो काढला. त्या दिवसाची त्या सहा वर्षं वाट बघत होत्या, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "तुझा आहे. तू कुणालाही दाखवू शकतोस. आम्ही नाही."

त्या दुपारी कारभारी जेवायला बसला होता. बिरूनं त्याच्या ताटाशेजारी दोन्ही अर्धे ठेवले आणि खाचेला खाच जुळवली. एक जळक्या कोपऱ्याचा, एक धड.

"बापू, मला महारोग झाला व्हता," तो म्हणाला. "आता नाय. लाल पानी, काळा रंग, समदं दव्याचं व्हतं. ही घरची खाच मोठीमायच्या हातानं सवयीनं पडली. वरची दवाखान्याची हाय, लांबल्या इलाजाची. तुमी तिला हाकललं तवा म्या त्वांड उघडलं व्हतं, तर तिनं मला गप केलं. आन मी झालो गप."

कारभारीच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. सखूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं तोंडात पदर कोंबला. बाहेर मेंढरं होती, आता अठराच उरलेली, त्यांच्या रवंथाचा आवाज आत येत होता. म्हातारा कागदाच्या वरच्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला, फिरवत राहिला.

"देवाला सोडलेलं मेंढरू ह्या घरातनं गेलं व्हतं खरं," तो अखेर म्हणाला. "आपन चुकीचं वळखलं."

तो ताटावरून उठला. रिक्षा आणायला त्यानं बिरूला पाठवलं नाही, स्वतः गेला.

शेडच्या दारात तिघं उभी राहिली. कारभारी पुढं झाला आणि ज्या पायांना त्यानं लग्नात एकदाच हात लावला होता त्यांना त्यानं पुन्हा हात लावला. ते पाय सुजलेले होते.

"वैनी, बिरूनं समदं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"त्याच्या आजाराचं."

"कोनता आजार?" बानाबाई म्हणाली. श्वास पुरत नव्हता, पण शब्द स्पष्ट होते. "मला काय ठावं नाय, भावजी."

सखूबाई खाटेशी कोसळली. "जाऊबाई, आता तरी... एकदा म्हना, व्हय म्हना. मला शिव्या द्या. म्या तुमच्या हातची भाकर वाईट म्हनली..."

बिरूनं जुळवलेला कागद तिच्या डोळ्यांपुढं धरला. "मोठीमाय, ह्यो माझा कागद. मीच सांगतो हाय. आता तू बोलू शकतीस."

तिनं कागदाकडं पाहिलं. ती बोटांनी त्या दोन खाचा चाचपत राहिली, आणि तिच्या सुकलेल्या चेहऱ्यावर फार जुनं, घरातलं असं काहीतरी उमटून गेलं. मग तिनं कागद त्याच्या खिशात ठेवला.

"मला वाचता येत नाय, बाळा," ती म्हणाली. "कागदावर काय असतं, मला काय कळतंय."

पण ती त्याला बाळा म्हणाली होती. दवाखान्याच्या छपराखाली, सहा वर्षांनी... बिरूनं तिच्या कुशीत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा रडला. तिनं पदराच्या टोकानं त्याचे डोळे टिपले, आणि सवयीनं तो पदर उजेडाकडं धरून बघितला. कोरा होता.

"राजी बरी हाय का?" तिनं विचारलं.

"बरी हाय. दोन लेकरं हायत."

"मंग चला घरी. इथं लई गार लागतं."

निघताना तिनं कात्री डॉक्टरीणबाईंच्या हाती दिली. त्या रस्त्यापर्यंत आल्या आणि चष्मा हातात घेऊन उभ्या राहिल्या. घरी बानाबाईला अंगणातच खाट टाकून दिली, ऊन लागेल अशी. राजाबाई करमाडहून आली ती राहिलीच. सखूबाई घास भरवायची, आणि बानाबाई चेष्टेनं म्हणायची, "बघ गं, विटाळ व्हईल तुला," आणि सखूबाईला हसू का रडू कळायचं नाही. दुपारी मेंढरं सावली सोडून खाटेभोवती येऊन बसायची. पायथ्याशी, उशाशी, अंगाला अंग लावून. त्यांना हाकलायची कुणाची छाती झाली नाही. त्या आजाराबद्दल मात्र शेवटपर्यंत कुणीही तिच्याकडून एक अक्षर काढू शकलं नाही.

बानाबाई, त्रिंबकची बायको, सहा फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याण्णव, रविवारी दुपारी, चिकलठाण्यात कारभारीच्या अंगणात वारली. अग्नी बिरूनं दिला.